स्वयंपाकघरातला खाऊ आणि कुत्र्याचं ट्रेनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं खाणं ट्रेनिंगला खरंच चालतं, की दुकानातल्या ट्रीट्सच हव्यात?

चालतं, आणि बरेचदा जास्त चांगलं चालतं. कुत्रा खाऊची किंमत नाकाने ठरवतो. उकडलेल्या चिकनचा ओलसर तुकडा तो एका घासात गिळतो आणि लगेच पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघतो. कडक बिस्किट दिलं तर आधी चावणं, मग खाली पडलेला चुरा हुंगणं, मग तो चाटणं. तीन मिनिटांच्या सरावातलं एक मिनिट फरशीवरच जातं.

खाऊ मऊ हवा, दोन सेकंदांत गिळता यायला हवा, त्याचा चुरा व्हायला नको आणि बोटांना लगदा चिकटायला नको. मीठ, साखर, मसाला, फोडणी यांतलं काहीही नको, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं. ‘थोडीशीच हिंग-मोहरीची फोडणी आहे’ असं म्हणून दिलेल्या भाजीत बहुधा कांदा किंवा लसूणही असतो.

तुकडा केवढा कापायचा?

तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा. पॉमेरेनियन, शित्झू, डॅशहाउंड अशा छोट्या कुत्र्यांना तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा पुरतो. इंडी (आपले देशी कुत्रे), बीगल यांना मटारच्या दाण्याएवढा. लॅब्रॅडॉरलाही त्याहून मोठा लागत नाही, कारण तो तुकडा बघतच नाही, फक्त मोजतो. एका मोठ्या तुकड्यापेक्षा पाठोपाठ दिलेले चार बारीक तुकडे त्याला मोठं बक्षीस वाटतात.

आठ मिलिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा साधारण अर्ध्या ग्रॅमचा भरतो. पुढचा सगळा हिशेब याच मापावर केला आहे.

दिवसाला किती खाऊ दिला तर वजन वाढणार नाही?

दिवसभराच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपर्यंत. नसबंदी झालेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला लागतात साधारण इतक्या कॅलरी: ५ किलो वजनाला ३७०, १० किलोला ६३०, ३० किलोच्या लॅबला १,४०० ते १,४५०. दिवसातून दोनदा सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन येणाऱ्या आणि उरलेला वेळ एसीत झोपणाऱ्या कुत्र्याला याहूनही कमी लागतात. म्हणजे खाऊच्या वाट्याला आल्या अनुक्रमे ३७, ६३ आणि १४०.

दहा किलोच्या कुत्र्यासाठी ६० कॅलरी धरल्या तर त्यात काय काय बसतं ते बघा. उकडलेलं चिकन ब्रेस्ट ३६ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमचे सत्तरएक तुकडे. पनीर २१ ग्रॅम, चाळीसएक तुकडे. प्रोसेस्ड चीजचा पाऊण क्यूब. भाजलेले शेंगदाणे मोजून अठरा-वीस. एक अख्खं उकडलेलं अंडंसुद्धा बसत नाही. ग्लुकोज बिस्किटं फार तर तीन, आणि या तीन बिस्किटांतच आपल्याकडचे बहुतेक कुत्रे जाड होतात.

ट्रेनिंगच्या दिवसांत खाऊ जास्त लागणार असेल तर जेवण तेवढं कमी करा. सर्वांत सोपी पद्धत अशी: सकाळीच त्याच्या ड्राय फूडमधून मूठभर दाणे बाजूला काढून ट्रेनिंगच्या डब्यात टाकायचे. ते दाणे त्याच्या जेवणातलेच असल्यामुळे दहा टक्क्यांत धरायचे नाहीत. दाण्यांना वास नसतो ही त्यांची अडचण. ती सोडवायला रात्री डब्यात दाण्यांवर उकडलेल्या चिकनचा एक तुकडा ठेवून झाकण लावा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत सगळ्या दाण्यांना चिकनचा वास लागलेला असतो.

सगळ्या कामांना एकच खाऊ चालेल का?

नाही, आणि बहुतेक घरांत ट्रेनिंग इथेच अडकतं. प्रत्येक खाऊला कुत्र्याच्या लेखी एक भाव असतो. हॉलमध्ये, पंखा चालू, घरात कोणी पाहुणे नाहीत, अशा वेळी ‘बस’ म्हटल्यावर बसण्याचा भाव कमी. तिथे ड्राय फूडचा दाणा, गाजराचा तुकडा, पोळीचा कोरडा कपटा पुरतो. लिफ्टमध्ये समोरून दुसरा कुत्रा शिरत असताना गप्प उभं राहण्याचा भाव जास्त. तिथे चिकन किंवा कलेजी. मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर मांजर दिसलेली असताना तुमच्या हाकेला माघारी फिरणं हे त्याच्यासाठी दिवसातलं सर्वांत अवघड काम. त्यासाठी घरात एरवी कधीच न मिळणारी एखादी गोष्ट राखून ठेवा आणि ती फक्त ‘ये’ या हाकेलाच द्या.

भाव कुत्र्यागणिक बदलतो. तो कळायला सोपी चाचणी आहे. एका मुठीत पनीर, दुसऱ्या मुठीत चिकन घ्या. दोन्ही मुठी हुंगायला द्या आणि तो कोणत्या मुठीला नाक लावून बसतो ते बघा. हात बदलून पाच वेळा करा, कारण काही कुत्रे कायम उजव्याच हाताकडे जातात. तीन-चार पदार्थांची अशी जोडी-जोडीने तुलना केली की त्याची क्रमवारी हाती येते. ती फ्रिजवर चिकटवून ठेवा, म्हणजे घरात सगळ्यांना कळेल.

आणि रोज सकाळी चहाबरोबर त्याला चिकन मिळत असेल तर गेटवर चिकनला काय भाव राहणार?

चिकनचे तुकडे कसे करायचे?

पाव किलो बोनलेस ब्रेस्ट घ्या. बुडेल इतक्या पाण्यात, मीठ-हळद-आलं-लसूण काहीही न घालता, मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं उकळा. सर्वांत जाड भाग कापून बघा, आत गुलाबी दिसायला नको. इथपर्यंत कुणाचं चुकत नाही. चूक पुढे होते. गरम चिकन लगेच कापायला घेतलं की त्याचे धागे सुटतात आणि चौकोन होतच नाहीत. आधी निवू द्या, मग तासभर फ्रिजमध्ये ठेवा. थंड झालेलं चिकन पनीरसारखं सुरीखाली सरळ कापलं जातं. पाव किलो कच्च्या मांसाचं शिजून साधारण १८० ग्रॅम उरतं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास तुकडे.

उकळलेलं पाणी फेकू नका. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. जेवणावर एक क्यूब वितळवून घालता येतो. विकतचे सूप क्यूब मात्र वापरू नका, त्यात मीठ आणि कांद्याची पूड असते.

कच्चं चिकन खाऊ म्हणून देऊ नये. साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याला त्रास देतीलच असं नाही, पण ते तुमच्या बोटांवर, पट्ट्यावर आणि घरातल्या लहान मुलाच्या हातावर येतात.

कलेजीच्या वड्यांबद्दल ऐकलं आहे. कशा करतात?

कोथिंबीर वडी जमत असेल तर ही जमलीच. कोंबडीची कलेजी २५० ग्रॅम, एक अंडं, नाचणीचं पीठ साधारण १०० ग्रॅम. कलेजी धुऊन, हिरवट पित्ताचा डाग असलेला भाग कापून टाकून, मिक्सरमध्ये अंड्याबरोबर फिरवा. पातळ, गडद तपकिरी मिश्रण होईल. त्यात पीठ थोडं-थोडं घालत जा. चमचा उलटा केला की मिश्रण धारेने न पडता गोळा होऊन सुटलं पाहिजे. कलेजीला पाणी जास्त सुटलं असेल तर पीठ दोन चमचे जास्त लागेल.

तेलाचा हात लावलेल्या स्टीलच्या ताटलीत हे मिश्रण एक सेंटिमीटर जाडीने पसरा. मोदकपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये २० मिनिटं वाफवा. मधोमध सुरी खुपसून बघा, कोरडी बाहेर आली की झालं. वरच्या झाकणाला फडकं बांधायला विसरू नका, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून वरचा थर चिकट होतो आणि कापताना सुरीला धरतो. पूर्ण थंड झाल्यावर आधी पट्ट्या, मग आडवे काप. आठशेच्या आसपास तुकडे निघतात. एका तुकड्यात जेमतेम एक कॅलरी.

वड्या खिशात जरा टिकाव्यात असं वाटत असेल तर नॉनस्टिक तव्यावर तेलाशिवाय मंद आचेवर दहा मिनिटं परता. बाहेरून कोरड्या, आतून मऊ राहतात. कलेजीत ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते शरीरात साठून राहतं. म्हणून या वड्या आठवड्यातून दोन-तीन दिवसच, आणि अवघड कामांसाठीच. जास्त दिल्या तर दुसऱ्या दिवशी शी पातळ आणि काळपट होते, हे तर लगेच दिसतं.

करताना खिडकी उघडी ठेवा. वास अख्ख्या मजल्यावर जातो.

आमचं घर शाकाहारी आहे. काय पर्याय?

पनीर पहिलं. दुधातली लॅक्टोज साखर बरीचशी निवळीबरोबर निघून जाते, त्यामुळे दूध न पचणाऱ्या अनेक कुत्र्यांना पनीर पचतं. घरी केलेलं पनीर फडक्यात बांधून दोन तास वजनाखाली ठेवा, नाहीतर कापताना भुगा होतो. पनीरमध्ये फॅट मात्र बरंच असतं, म्हणून तुकडे आणखी बारीक करा.

रताळं वाफवून, सालीशिवाय, थंड करून कापलेलं उत्तम. वाफवलेल्या रताळ्याच्या पातळ चकत्या मंद तव्यावर वाळवल्या तर चिवट होतात, पण त्या चघळायला ठीक, ट्रेनिंगला नाही, कारण वेळ खातात. लाल भोपळा, फरसबी, गाजर, काकडी यांत कॅलरी नगण्य, त्यामुळे वजन कमी करायला सांगितलेल्या कुत्र्याला मोकळ्या हाताने देता येतात. गाजर आणि फरसबी थोडी वाफवा, कच्चे तुकडे बरेचदा जसेच्या तसे बाहेर येतात.

भाजलेले, सोललेले, बिनमिठाचे शेंगदाणे अर्धे करून चालतात. गाड्यावरचे खारे दाणे नाहीत. दाण्यांचं बटर घरी करायचं असेल तर वाटीभर भाजलेले दाणे मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा. आधी कूट होईल, मग गोळा, आणि चार-पाच मिनिटांत आपोआप तेल सुटून पातळ होईल. पाणी घालू नका, टिकत नाही. विकतच्या पीनट बटरमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) नाही ना, हे लेबलवर पाहूनच घ्या. ‘शुगर-फ्री’ लिहिलेली बरणी तर दुकानातच सोडा.

नखं कापताना किंवा आंघोळ घालताना चाटायचा खाऊ जास्त कामाला येतो. दही फडक्यात टांगून घट्ट करा आणि बाथरूमच्या टाइलवर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर चमचाभर फासा. तो चाटत असेपर्यंत एक मग पाणी, साबण, दुसरा मग. दही संपलं की पाणीही थांबवायचं.

सुकट, जवळा, बोंबील चालतील का?

वासाच्या बाबतीत त्यांच्या जवळपास दुसरं काही जात नाही. जवळा दोनदा पाण्यातून काढा म्हणजे वाळू जाईल. उन्हात किंवा पंख्याखाली वाळवा, कोरड्या कढईत तीन-चार मिनिटं भाजा, थंड करून मिक्सरमध्ये पूड करा. ही पूड थेट देऊ नका. गाजराच्या किंवा रताळ्याच्या तुकड्यांवर एक चिमूट भुरभुरा आणि डबा हलवा. दोन रुपयांचं गाजर लगेच भाव खाऊन जातं.

सुक्या बोंबलाचा मधला काटा काढून बाकीचं कात्रीने बारीक कापता येतं. खारा बांगडा, खारी सुरमई यांच्याकडे वळू नका, त्यातलं मीठ धुऊन जात नाही. ताजा मासा द्यायचा तर वाफवून, बोटांनी चाचपून, एकही काटा नाही याची खात्री करूनच.

सोसायटीत सुकटीच्या वासावरून आधीच कुरबुरी असतील तर कढई तापवण्याआधी विचार करा.

पोळी, ब्रेड, कुरमुरे, इडली, बिस्किट?

बिनतुपाची पोळी घरातल्या सोप्या सरावाला चालते. साधी इडली चालते, सोडा किंवा इनो घातलेली नको. कुरमुरे मुंबईत बहुतेक ठिकाणी खारेच मिळतात, चाखून बघा. अळणी मिळाले तर कॅलरीच्या दृष्टीने फार स्वस्त, पण वाऱ्यावर उडतात. ब्रेडचा तुकडा टाळूला चिकटतो. ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या पाव भागाइतकी साखर आणि बाकी बरीचशी मैदा असते. रस्त्यावरच्या कुत्र्यांना लोक हेच घालतात म्हणून ते कुत्र्याचं खाणं ठरत नाही.

कोणते पदार्थ डब्यात कधीच जाऊ नयेत?

कांदा आणि लसूण: कच्चा, शिजवलेला, पूड, सगळ्याच रूपांत. यांतल्या घटकांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रास द्यायला पुरतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, एक मोठा कांदा. लसणाचा जोर कांद्याहून जास्त. आणि हे एकदम खाल्लं तरच होतं असं नाही. रोजचा आमटीभात हळूहळू तेच करतो. लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात: धाप, फिकट हिरड्या, लालसर-तपकिरी लघवी. तोपर्यंत घरात कुणाला ती आमटी आठवतही नसते. वडापावच्या कागदाला लागलेली लसणाची चटणी म्हणूनच बघताक्षणी उचलायची.

द्राक्षं, मनुका, बेदाणे: मूत्रपिंड निकामी होतं. अमुक एक प्रमाण सुरक्षित आहे असं सांगता येत नाही, एका कुत्र्याला मूठभर पचतात, दुसरा चार-पाच दाण्यांत आजारी पडतो. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल यामागे असावं असं आता मानलं जातं, आणि हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. त्यामुळे चिंचेचा कोळ, चिंच-गुळाची आमटी, भेळेची चटणी हीसुद्धा याच यादीत धरा.

झायलिटॉल, चॉकलेट, कॉफी, चहाचा चोथा, दारू, कच्चं आंबलेलं पीठ. शिजवलेली हाडं, कारण शिजल्यावर त्यांच्या टोकदार चिपा होतात. सीताफळाच्या आणि सफरचंदाच्या बिया, आंब्याची कोय.

आणि मक्याचं कणीस. दाणे चालतात, कणीस नाही. पावसाळ्यात मरिन ड्राइव्ह, जुहू, वरळी सी फेस, जिथे भुट्टेवाले तिथे टाकलेली कणसं. कुत्रा ती गिळतो, ती पोटात विरघळत नाहीत आणि आतड्यात अडकली की ऑपरेशनशिवाय मार्ग नसतो. या भागात फिरवायचं असेल तर ‘सोड’ हा सराव बाकी सगळ्याच्या आधी करून घ्या, आणि सोडल्याचं बक्षीस कलेजीचंच द्या. कणसाच्या बदल्यात गाजर कोण घेईल?

गणपती-दिवाळीत घरात येणाऱ्या गोडाचं काय?

पंचखाद्यात मनुका असतात, मोदकाच्या सारणात बरेचदा जायफळ आणि बेदाणे. श्रीखंडात साखर आणि जायफळ. चिमूटभर जायफळाने कुत्रा दगावत नाही, पण मनुकांचा भरवसा नाही. प्रसाद वाटणारे पाहुणे विचारत बसत नाहीत, खाली वाकून थेट भरवतात. दारापाशीच एका डबीत त्याचा स्वतःचा खाऊ ठेवा आणि पाहुण्यांच्या हातात तोच द्या. चकली, शेव, चिवड्याने मीठ आणि तेल पोटात जातं. लहान जातीच्या कुत्र्यांना तेलकट खाण्याने स्वादुपिंडाची सूज येऊ शकते. वारंवार उलट्या आणि पाठ कमानीसारखी करून उभं राहणं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

मुंबईच्या दमटपणात खाऊ टिकवायचा कसा?

शिजवलेलं चिकन, कलेजी, पनीर, अंडं फ्रिजमध्ये तीन दिवस. त्याहून जास्त केलं असेल तर फ्रीझर. तुकडे एकत्र गोठवले की त्यांचा दगड होतो, म्हणून आधी ताटलीत सुटे पसरून दोन तास गोठवा आणि मग रोजच्या मापाच्या छोट्या पिशव्या भरा. सकाळी एक पिशवी फ्रिजमध्ये उतरवली की संध्याकाळच्या फेरीला तयार.

बाहेर पाऊचमध्ये, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात, एका तासापेक्षा जास्त ठेवू नका. उरलेला खाऊ परत फ्रिजमध्ये न टाकता त्याच्या जेवणात घालून संपवा किंवा फेका. पाऊचला आतून प्लास्टिक हवं आणि ते रोज साबणाने धुवायला हवं. कापडी पाऊच पावसाळ्यात दोन दिवसांत आंबतो.

पावसाळ्यात शेंगदाणे आणि मका वास घेऊन, निरखून घ्या. काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशी आलेला एक जरी दाणा दिसला तरी पिशवी टाकून द्या. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याच्या यकृताला फार घातक असतं, आणि ते भाजल्याने किंवा उकळल्याने पूर्ण जात नाही.

डबी वाजली तरच ऐकतो, नाहीतर ढुंकूनही बघत नाही. काय चुकलं?

खाऊ आधी दाखवला आणि काम नंतर मागितलं, हे चुकलं. ती लाच झाली. काम आधी, मोबदला नंतर, असा क्रम हवा.

सुरुवातीला तुकडा नाकासमोर धरून, हात डोक्यावरून मागे नेऊन बसवणं ठीक आहे. पण हे पाच-सहा वेळाच. त्यानंतर तोच हात, तीच हालचाल, मूठ मात्र रिकामी. तो बसला की ‘यस’ म्हणा आणि दुसऱ्या हाताने पाऊचमधून तुकडा काढून द्या. रिकाम्या हातावर दहापैकी आठ वेळा बसायला लागला की हालचाल लहान करत जा आणि शेवटी फक्त शब्द ठेवा.

डबीची सवय आधीच लागली असेल तर डबी शेल्फवर ठेवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. ‘बस’ म्हणा. बसला की ‘यस’ म्हणून दोघं मिळून शेल्फकडे धावा. खाऊ हातात दिसत नसला तरी मिळतो, हे त्याला आठवडाभरात कळतं.

बसतो, पण लगेच उठतो. खाऊ देऊनही सुधारत नाही.

तुमचा हात पाऊचच्या चेनशी झटत असताना तो उठलेला असतो आणि तुकडा त्याच्या तोंडात जातो तेव्हा तो उभा असतो. म्हणजे तुम्ही उठण्याचे पैसे दिले. काम झालं त्या क्षणी, सेकंदाच्या आत, ‘यस’ असा एकच तुटक शब्द उच्चारा, मग तुकडा आणायला दोन सेकंद लागले तरी चालतात. त्याआधी या शब्दाला अर्थ द्यावा लागतो: काहीही काम न सांगता ‘यस’ म्हणा, तुकडा द्या, असं पंधरा-वीस वेळा. ‘शाब्बास माझ्या राजा’ लांबतं, ते नंतर कौतुकाला वापरा.

तुकडा कुठे देता यालाही महत्त्व आहे. ‘झोप’ शिकवताना पुढच्या पंजांमध्ये, जमिनीवर. बाजूने चालायला शिकवताना तुमच्या मांडीच्या शिवणीपाशी. हात पुढे काढून दिलात तर तो पुढेच चालायला शिकेल. हाकेला आला की आधी पट्ट्यात बोट, मग तुकडा, नाहीतर तो तुकडा पळवून निसटायला शिकतो.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पोट भरलेलं असताना नको.

घरी चिकनसाठी उड्या मारतो, खाली उतरलं की तेच चिकन थुंकतो.

हा माज नाही, भीती किंवा अति उत्तेजना आहे. त्या अवस्थेत कुत्र्याला खाणं सुचतच नाही. ढोल-ताशा, बसचे ब्रेक, कॉर्नरवरच्या भटक्या कुत्र्यांचं टोळकं, पाणी सोडणारा टँकर, काहीही कारण असू शकतं. त्या गोष्टीपासून मागे सरकत जा. तो तुकडा घेईल तिथे थांबा, मग ते अंतर दहा पावलं असो वा पुढची गल्ली. तिथून सराव सुरू करायचा आणि दर दोन दिवसांनी एक-दोन पावलं पुढे. आणखी चविष्ट खाऊ नाकाशी नाचवून त्याला जवळ ओढू नका, तो खाऊवरही संशय घ्यायला लागतो.

दुपारी नेलंत तर उष्म्यानेही खाणं सुटतं. मे महिन्यात सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच. बिया काढून गोठवलेले कलिंगडाचे तुकडे अशा वेळी छान चालतात.

खाऊ घेताना बोटं चावतो.

तुकडा मुठीत धरा. तो चाटेल, ढकलेल, दात लावेल. मूठ उघडू नका, ओरडूही नका. तोंड क्षणभर मागे घेतलं की तळहात सपाट उघडा. मुलांनी नेहमी तळहातावरूनच द्यावं, घोड्याला देतात तसं.

घरात आजी पोळी देते, मावशी बिस्किट देतात, मुलं चिप्स देतात. हिशेब कसा ठेवायचा?

सकाळी एका छोट्या स्टीलच्या डब्यात दिवसाचा सगळा खाऊ मोजून भरा आणि ओट्यापासून दूर ठेवा. ज्याला द्यायचं त्याने याच डब्यातून द्यायचं. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचा खाऊ संपला. आजींना देऊ नका म्हणून सांगून काही होत नाही, त्यांच्या हातात डबा दिला की होतं. ताटातून मात्र कोणीच देऊ नये, तो जेवणाच्या टेबलाशी भीक मागायचा धडा आहे आणि कुत्रे तो एका दिवसात शिकतात.

नवीन पदार्थ कसा सुरू करायचा? पोट बिघडलं तर?

एका वेळी एकच, पहिल्या दिवशी तीन-चार तुकडे, आणि तीन दिवस दुसरं काही नवीन नाही. खाज, कान लाल होणं, पंजे चाटत बसणं, पातळ शी दिसली तर तो पदार्थ बंद. चिकन, अंडं, दूध यांची ॲलर्जी कुत्र्यांत दुर्मीळ नाही. डॉक्टरांनी खास डाएट लावलं असेल, मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल, तर खाऊ म्हणून त्याच डाएटचे दाणे वापरा. खास डाएटवर आठ आठवडे चालणारी ॲलर्जी चाचणी चिकनच्या एका तुकड्याने वाया जाते.

द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शुगर-फ्री गम खाल्लं तर लगेच काय करायचं?

लक्षणांची वाट बघू नका. काय, किती आणि किती वाजता खाल्लं ते लिहा, वेष्टन सोबत घ्या आणि निघता-निघता डॉक्टरांना फोन करा. पहिल्या दोन तासांत पोहोचलात तर उलटी करवून बरंचसं बाहेर काढता येतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मिठाचीच विषबाधा होते. झायलिटॉलमुळे अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते, तिथे मिनिटंही महत्त्वाची. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल आहे, पण उपनगरातून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तिथवर जाण्यापेक्षा घराजवळचा, रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून त्याचा नंबर खाऊच्या डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवा.